पानावरचा आडवा हात

एकदा एक भांड्यांचा व्यापारी आपल्याच घराचा जिना चढताना मधल्या पायरीवर बसला, आणि त्याला उठवेना.

खाली दुकान आणि वर घर, अशी त्याची वास्तू होती. तरुणपणी तो तांब्याचा हंडा खांद्यावर घेऊन हाच जिना एका दमात चढत असे. आज हातात फक्त दुकानाच्या किल्ल्या होत्या. वर स्वयंपाकघरात थोरल्या सुनेने, यमुनेने, त्या किल्ल्यांचा आवाज ऐकला. मग तो आवाज मध्येच थांबला, तेही ऐकले. पिठाचे हात तसेच घेऊन ती धावत आली.

"मामंजी, काय होतंय?"

"काही नाही गं. पायरी गार आहे, बरं वाटलं म्हणून टेकलो."

त्याच्या कपाळावर घाम होता. वहाणांचे पट्टे सुजलेल्या पावलांत रुतले होते. यमुनेने हे पाहिले आणि पिठाच्या हातांनीच त्याच्याकडच्या किल्ल्या घेतल्या. त्या घरात असे क्षण न बोलताच सोसायची सवय झाली होती.

कारण गेल्याच वर्षी व्यापाऱ्याची पत्नी गेली होती. पाठीत दुखते आहे म्हणून ती दुपारी जरा आडवी झाली. दमली असेल, झोपू द्या, असे सगळेच म्हणाले. कोणी तिला उठवले नाही, कोणी काही दिले नाही. दिवेलागणीला हाक मारली तेव्हा ती ओ द्यायला उरली नव्हती. तेव्हापासून घरात कोणी अवेळी डोळे मिटले, तरी दुसरे कोणी तरी हळूच जवळ जाऊन छाती वरखाली होते की नाही ते पाहत असे.

व्यापाऱ्याचा थोरला मुलगा मालाच्या खरेदीसाठी परगावी असे. धाकटा, दामोदर, गावातल्या एका वृद्ध वैद्यांपाशी शिकत होता. विद्या बरीच झाली होती. स्वतंत्रपणे नाडी पाहण्याइतका तो तयार झाला होता. पण वडिलांची नाडी हातात घेतली की त्याला स्वतःचीच नाडी ऐकू येई. म्हणून वडिलांना, आपल्या नानांना, त्याने गुरूंच्या स्वाधीन केले होते.

वैद्यबुवांनी औषध दिले होते ते असे: सकाळी एकदा काढा, जेवणात मीठ अगदी थोडे, दुपारी विश्रांती, आणि संध्याकाळी सपाट रस्त्याने सोसेल एवढे चालणे.

"एवढंच?" दामोदरने विचारले होते.

"एवढंच."

ज्या घरात मृत्यू एकदा येऊन गेला आहे, तिथे 'एवढंच' हा शब्द सोसवत नाही.

जिन्यावरच्या त्या प्रसंगानंतर दामोदर तडक गुरूंकडे गेला. वैद्यबुवा अंगणात काढ्यासाठी झाडाच्या साली वाळत घालत बसले होते.

"गुरुजी, काढा लागू पडत नाही. नानांची सूज वाढली आहे. जिना चढवत नाही. काही तरी जालीम द्या."

वैद्यबुवांनी साल उलटी केली. "काढा किती वेळा घेतात?"

दामोदर क्षणभर थांबला. "सांगितलंत तसं."

"हं. उद्या तुझ्याकडे जेवायला येऊ का?"

"जेवायला?"

"सकाळीच येतो. आणि वहिनीला म्हणावं, साधा स्वयंपाक नको. पुरण घाल."

दामोदर त्यांच्याकडे पाहत राहिला. हा मनुष्य एरवी भाताची पेज आणि लोणच्याची एखादी फोड यांपलीकडे जात नसे. वडील मरणाच्या दारात, आणि गुरूंना पुरणपोळी आठवते! रागावावे की घाबरावे हे त्याला कळेना. वाटेत त्याच्या मनात आले, आता करण्यासारखे काही उरलेले नाही, म्हणून तर गुरुजी निरोपाचे जेवायला येत नसतील? त्या विचारासरशी तो रस्त्यात उभा राहिला, आणि पुन्हा चालू लागायला त्याला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी वैद्यबुवा आले. वरच्या ओसरीवर व्यापारी लोडाला टेकून बसला होता. वैद्यांनी नाडीवर बोटे ठेवली आणि डोळे मिटले. मग त्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरला व सोडला. अंगठ्याएवढा खड्डा तिथे तसाच राहिला. दामोदरने मान वळवली.

व्यापाऱ्याला आयुष्यभर एकच परीक्षा ठाऊक होती. भांडे उचलायचे, टिचकी मारायची, आणि आवाजावरून ओळखायचे. तो हसून म्हणाला, "वैद्यबुवा, बघा की टिचकी मारून. चीर गेली असेल तर तसं सांगा. मी गिऱ्हाइकाशी कधी लबाडी केली नाही, तुम्ही माझ्याशी करू नका."

"टिचकी मारून काय कळणार?" वैद्य म्हणाले. "तुम्हीच सांगा शेट, काठोकाठ भरलेलं भांडं वाजतं का?"

"छे! ते बद्द बोलतं. आधी रिकामं करावं लागतं."

"मग झालं तर." आणि वैद्यबुवा खांबाला टेकून बसले. "तुमचं रोजचं चालू द्या. मी जेवायलाच आलोय."

रोजचे ते चालू झाले.

आधी यमुना आली. तिच्या हातात तुपात तळलेल्या लसणीच्या पाकळ्यांची वाटी होती. "सासूबाई म्हणायच्या, लसूण छातीला चांगली. त्यांनी स्वतः कधी घेतली नाही," ती म्हणाली, आणि पुढचे वाक्य तिने गिळले.

"ठेव इथंच," वैद्य म्हणाले. "जेवणाबरोबर घेतील."

मग व्यापाऱ्याची थोरली बहीण आली. तिला सारे गाव आक्का म्हणे. उन्हातून चालत आल्यामुळे तिचा चेहरा लाल झाला होता, आणि पदराखाली एक झाकलेला गडू होता. त्यात ज्येष्ठमधाचा दाट काढा होता.

"रघू, आ कर."

"आक्का, अगं वैद्यबुवा बसलेत."

"बसू देत की. ते काय तुझी मोठी बहीण आहेत? रोज घेतोस, मग आजच लाज वाटायला काय झालं? आ कर म्हणते ना!"

"आक्का," वैद्यबुवा अदबीने म्हणाले, "मी आलोय म्हणून आजचा दिवस जरा माझं ऐका. गडू इथं ठेवा. पानावर बसले की घेतील."

"निवेल तो."

"निवू दे."

आक्काने गडू ठेवला, पण ठेवताना असा आपटला की लसणीची वाटी हलली. "छातीत जळजळतं म्हणाला म्हणून घेऊन येते हो मी. उगाच नाही येत, गुडघे कुरकुरत असताना."

तेवढ्यात जिन्यावर जड पावले वाजली आणि तालमीचे वस्ताद आत आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण दार भरून टाकील अशी छाती. हातात पाचक चूर्णाचा डबा.

"शेट! हे बघा, ताजं कुटून आणलंय. काल पोट जड आहे म्हणालात ना? चिमूटभर नाही हं, चांगला चमचाभर घ्यायचा. माझ्याकडे बघा. हा सगळा चूर्णाचा प्रताप आहे."

"तुझ्याकडे बघून मला घामच येतो वस्ताद," व्यापारी म्हणाला. सगळे हसले. हसताना त्याला धाप लागली, आणि सगळे गप्प झाले.

वैद्यबुवांनी डबा उघडून चूर्णाची चिमूट जिभेवर ठेवली, आणि डबा गडूशेजारी ठेवला.

शेवटी दामोदर आतून आला. हातात पेला होता. गुरूंना पाहून त्याचे पाऊल जरासे अडखळले.

"हे काय?"

"काढा, गुरुजी. तुमचाच."

"सकाळचा राहिला होता?"

वैद्यबुवांनी पेला घेऊन उजेडात धरला. त्यांच्या काढ्याचा रंग तांबूस असे. हा काळसर होता. साल अधिक घातलेली, अधिक वेळ आटवलेली, आणि दिवसातून दुसऱ्यांदा. त्यांनी शिष्याकडे पाहिले, तोही पेला इतरांच्या ओळीत ठेवला, आणि विचारले, "पोळ्या झाल्या का?"

पाने मांडली गेली. व्यापाऱ्याच्या पानाशेजारी लसणीची वाटी, आक्काचा गडू, वस्तादांचा डबा आणि दामोदरचा पेला, अशी रांग लागली. यमुनेने सासऱ्यांसाठी कटाची आमटी वेगळी केली होती, अळणी. ती वाटी तिने अभिमानाने वैद्यांना दाखवली. "मीठ अगदी मोजून, तुम्ही सांगितलं तसं."

"उत्तम," वैद्यबुवा म्हणाले. पण आपल्या पानावर ते बसलेच नाहीत. त्यांनी यमुनेच्या हातातले पोळ्यांचे ताट घेतले. "आज मी वाढणार."

आक्काने कपाळाला हात लावला. "अगं बाई! पाहुण्याने वाढायचं?"

"गुरूने शिष्याला वाढलं तर कुठल्या शास्त्राची आडकाठी आहे? बस दामोदरा."

वस्ताद बसले, व्यापारी बसला, दामोदर बसला. वैद्यांनी इतरांना बेताने वाढले. मग ते दामोदरसमोर येऊन उभे राहिले, आणि तिथून हललेच नाहीत. त्याने पहिली पोळी संपवली तशी दुसरी पानात पडली, तुपाची धार पडली.

"ही माझ्या नावाची."

गुरूच्या नावाची पोळी नाही म्हणता येत नाही. दामोदरने ती खाल्ली.

"ही आक्कांच्या नावाची. उन्हातून आल्यात बिचाऱ्या."

"खा रे खा," आक्का खूश झाली.

"ही वस्तादांची. पहिलवानाला नाही म्हणतोस?"

"म्हणून तर बघ," वस्ताद म्हणाले.

"ही वहिनीची. पहाटे उठून पुरण वाटलंय तिने."

दामोदर आता सावकाश खात होता. घास तोंडात फिरत होता, कपाळ ओले झाले होते. काल याच वेळी वडील जिन्यावर बसले होते, आणि आज आपण पुरणपोळ्या खातो आहोत, हे त्याला घासाघासाला आठवत होते. गुरूंच्या मनात काय आहे? ही थट्टा आहे, की शिक्षा?

वैद्यांनी आणखी एक पोळी उचलली. त्यांचा आवाज खाली आला. "ही तुझ्या आईच्या नावाची."

यमुना दाराशी थबकली. दामोदरने पोळीकडे पाहिले, मग वडिलांकडे. व्यापारी आपल्या अळणी आमटीत बोट बुडवून बसला होता. दामोदरने ती पोळीही खाल्ली. ती कशी गेली हे त्याचे त्यालाच ठाऊक.

"आता ही एकच. तुझ्या नानांची."

दामोदरने दोन्ही हात पानावर आडवे धरले. बोटे ताणून, पान झाकून टाकील असे. "गुरुजी, पुरे. आता खरंच जात नाही."

वैद्यबुवा तत्क्षणी थांबले. पोळी त्यांनी ताटात परत ठेवली, ताट खाली ठेवले आणि ते त्याच्यासमोर मांडी घालून बसले.

"मी का थांबलो?"

"मी... हात आडवा धरला म्हणून."

"वाढलेलं वाईट होतं?"

"नाही."

"वाढणारे शत्रू होते?"

"नाही, गुरुजी."

"तरी पुरे झालं. आणि पुरे झालं हे तुला सांगता आलं, कारण तुला दोन हात आहेत." त्यांनी व्यापाऱ्याच्या पानाशेजारच्या त्या रांगेकडे पाहिले. "दामोदरा, तुझ्या वडिलांच्या हृदयाला हात नाहीत. ते पानावर आडवे कसे धरील?"

वैद्यबुवा आक्काकडे वळले, पण त्यांच्या स्वरात दोष नव्हता.

"आक्का, यात विष काही नाही. एखाद्या तरण्या माणसाला, एकेक, थोडे दिवस दिलं तर यातलं प्रत्येक औषध आहे. पण इथं काय झालंय बघा. रोजच्या तळलेल्या लसणीने यांच्या छातीत जळजळायला लागलं. जळजळीसाठी ज्येष्ठमध आला. ज्येष्ठमध फार दिवस, फार दाट घेतला की अंगात पाणी धरून ठेवतो. सूज आली, पोट जड झालं. त्यासाठी चूर्ण आलं. या चूर्णात निम्मं काळं मीठ आहे. यमुनेने आमटीतून मीठ काढलं आणि वस्तादांनी चमच्याने परत आणलं. मिठाने तहान, तहानेने पाणी, ते पुन्हा पायांत. माझा काढा ते पाणी उपसायचा. तुम्ही सगळे मिळून ओतत होता. उपसणं कमी पडतं असं वाटून दामोदरने काढा वाढवला, आणि त्याने नाडीची चालच बिघडली. थकलेलं हृदय या सगळ्यांचा आग्रह एकटं सोसतंय."

वस्तादांनी डब्याकडे असे पाहिले, की जणू तो आपला नव्हेच. "मीठ म्हणून कुणी दिलं नव्हतं, वैद्यबुवा. चूर्ण म्हणून दिलं होतं."

"माहीत आहे. हृदयाला डब्याचं नाव वाचता येत नाही."

"पण मग त्यांनी सांगायला नको?" आक्काचा आवाज कापला. "रघू, तू बोलला का नाहीस?"

"ते बोलले," वैद्य म्हणाले. "ही पायांवरची सूज, ही धाप, ते जिन्यावर बसणं. हात नसलेल्याने आणखी कसा हात आडवा धरायचा? तो तुम्हाला दिसला नाही. म्हणजे दिसला, पण दिसल्यावर तुम्ही त्यावरच आणखी वाढलंत."

दामोदरचे हात अजून पानावरच होते. ते त्याने उचलले नाहीत. त्याच्या मनात जे वर्षभर साचले होते ते आता बाहेर आले, आणि ते रागाच्या रूपाने आले.

"मग काय करायचं, गुरुजी? आईला आम्ही काही दिलं नाही. ती झोपली आहे म्हणालो आणि बाहेर बसून राहिलो. आता नानांच्या वेळीही 'एवढंच' म्हणून बसायचं? माझ्याच्याने नाही बसवत. त्यांच्या श्वासाचा आवाज बदलला की मला काही तरी द्यावंसं वाटतं. काहीही. पेला हातात असला की जरा बरं वाटतं."

"कुणाला?"

दामोदरने त्या पेल्याकडे पाहिले.

"पेला हातात असला की कुणाला बरं वाटतं?" वैद्यांनी पुन्हा, अगदी हळू विचारले. "भीतीला रिकाम्या हाताने बसवत नाही, बाळ. तिला काही तरी हातात लागतं. तू भीतीला औषध देत होतास आणि ते प्यायचं मात्र नानांना लागत होतं. तुझी आई तुम्ही काही दिलं नाही म्हणून गेली, असं तुला वाटतं. मला ते ठाऊक नाही. कदाचित कुणालाच ठाऊक नाही. पण तिला जे दिलं नाही, ते यांना दुप्पट देऊन तिच्यापर्यंत पोचत नाही."

मग व्यापारी बोलला. इतका वेळ तो सगळे ऐकत होता, आणि त्याच्याविषयीच बोलणे चालले आहे याचा त्याला जणू संकोच होत होता.

"वैद्यबुवा, चूक माझीही आहे. मला कळत होतं. पोट नको म्हणायचं. पण आक्का उन्हातून यायची. हा पोरगा माझ्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. नाही म्हटलं असतं तर यांचे चेहरे उतरले असते, आणि उतरलेले चेहरे या घरात पुष्कळ झाले." तो थांबला. दम घेऊन म्हणाला, "मला उभ्या जन्मात पानावर हात धरता आला नाही. पंगतीत बसलो की वाढणारे माझ्यावर तुटून पडायचे. हिला, या पोरांच्या आईला, ठाऊक होतं. ही दाराआडून सांगायची, 'पुरे आता त्यांना.' त्या चार शब्दांवर... चार कसले, तीनच शब्दांवर मी आजवर जगलो. आता ती नाही. मग जो जे वाढतो ते खातो झालं."

यमुनेने डोळ्यांना पदर लावला. आक्का भिंतीकडे पाहू लागली.

वैद्यबुवा उठले. त्यांनी लसणीची वाटी, गडू, डबा आणि काळसर काढ्याचा पेला उचलून एका बाजूला ठेवला. फेकले काही नाही. "काढा सकाळी, एकदा, मी सांगितला तसा. यांच्या तोंडात दुसरं काहीही जायचं असेल, मग ते कितीही निर्दोष असो, कुणीही प्रेमाने आणलेलं असो, तर आधी मला सांगायचं. मुळी, चूर्ण, तेल, चाटण, काहीही. वैद्याला अर्धंच पान दाखवलं, तर तो उरलेल्या अर्ध्यात काय वाढलंय हे कसं सांगणार?"

"आणि याने नाना बरे होतील?" दामोदरने विचारले. त्या प्रश्नात त्याचे सारे वर्ष होते.

"मी तसं वचन देत नाही. सूज उतरेल, धाप कमी होईल असं वाटतं. हृदय थकलेलं आहे, ते तरुण होणार नाही. पण ते आपल्या वाट्याचं चालेल. त्याला ढकलू नका, एवढंच."

या वेळी तो शब्द दामोदरला तितका टोचला नाही.

"मग मी हात कशाला लावू, गुरुजी? रिकाम्या हातांचं काय करू?"

"संध्याकाळी नाना चालायला निघतील तेव्हा त्यांच्या कोपराला धर. आणि जेवताना त्यांच्या पानाशी बस. उरलेलं तुझं तुला कळेल."

त्या दिवशी व्यापाऱ्याने अळणी आमटी, थोडा भात आणि पाव पोळी खाल्ली. बऱ्याच दिवसांनी पानावर त्याने ढेकर दिली नाही, आणि बऱ्याच दिवसांनी तो जेवून लगेच झोपला. दामोदर उशाशी बसून राहिला. छाती वरखाली होत होती. त्याचा हात दोनदा पेल्याच्या दिशेने गेला आणि दोनदा परत आला. काही न देता बसणे हे त्याने आजवर केलेले सर्वांत कठीण काम होते.

पुढे हळूहळू सूज उतरत गेली. वहाणांचे पट्टे सैल झाले. व्यापारी जिना चढताना अजूनही मधल्या पायरीवर थांबे. पण आता दामोदर त्याच्याबरोबर तिथे बसत असे, आणि दोघे खालून येणारे दुकानातले आवाज ऐकत असत. कोणत्या भांड्याला चीर गेली आहे, ते व्यापारी तिथूनच सांगे. तो पुरता बरा झाला असे कोणी म्हटले नाही. तोही म्हणाला नाही.

एका सणाला आक्का जेवायला आली. पाने मांडली, वाढणे झाले. इतके दिवस ती शहाण्यासारखी वागली होती. पण भावाच्या खोल गेलेल्या गळ्याकडे तिचे लक्ष गेले आणि तिला राहवेना. तिने कनवटीची पुरचुंडी सोडली. आत कसल्याशा काळ्या गोळ्या होत्या.

"रघू, ही एकच घे. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याला फार गुण आला. छातीला बळ येतं म्हणतात. माझ्यासाठी घे रे."

व्यापाऱ्याने बहिणीकडे पाहिले. तिचे डोळे भरले होते. त्याने नेहमीप्रमाणे तळहात पुढे केला.

त्याच्या पानावर दुसरा एक हात आडवा आला. बोटे ताणून, पान झाकून टाकील असा.

"पुरे आता त्यांना," दामोदर म्हणाला.

आवाज त्याचा होता, बोलणे त्याचे नव्हते. दाराआडून वर्षानुवर्षे ऐकू आलेले ते बोलणे सर्वांनी ओळखले. आक्काचा हात हवेतच थांबला. ती भाच्याकडे पाहत राहिली. मग तिने गोळी पुरचुंडीत परत ठेवली आणि गाठ मारली.

"अगदी तिच्यासारखं बोललास मेल्या," ती म्हणाली. "वैद्यबुवांना दाखवून येईन आधी."

"दाखवून ये, आक्काआत्या. मीही येतो बरोबर."

व्यापाऱ्याने मुलाच्या हातावर आपला हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि मग उरलेला भात कालवू लागला.

आपल्याही घरांत अशी पाने मांडलेली असतात. वाढणारे पुष्कळ असतात, आणि सगळे प्रेमाचेच असतात. हात आडवा धरणारे कोणी आहे ना, तेवढे पाहावे.